विहीणबाईंनी ठेवलेलं नाव

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे अजूनही चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी निघते. वर्षभर कपाटात काळी पडलेली असते, आदल्या दिवशी आई ती रांगोळीने घासघासून चकचकीत करते. यंदा अत्तर लावायची ड्युटी माझ्याकडे होती. एका काकूंनी हात पुढे केला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे गुलाबाचं अत्तर नूरजहाँने शोधलं बरं का!" मी नुसती मान डोलावली, कारण मागे आंबेडाळ वाढायची खोळंबली होती.

पण डोक्यात राहिलं ते. आणि गंमत म्हणजे खुद्द जहांगीर वेगळंच लिहून गेलाय, त्याच्या आठवणींत. अत्तर काढलं ते नूरजहाँच्या आईने, अस्मत बेगमने, म्हणजे बादशहाच्या सासूबाईंनी! गुलाबपाणी करताना ते गरम गरम भांड्यात ओतलं की वर तेलाचा तवंग यायचा, दुधावर साय धरते ना तसाच, तो बाईंनी थोडा थोडा करून गोळा केला. दुसरी कोणी असती तर पाण्यावर तेल आलं म्हणून फेकून मोकळी झाली असती. जहांगीर म्हणतो, एक थेंब तळहाताला चोळला तर अख्खी मैफल दरवळते, जणू लाल गुलाबाच्या कितीतरी कळ्या एकदम उमलल्यात. खूश होऊन त्याने सासूबाईंना मोत्यांचा हार दिला. नाव सुचवलं सलीमा सुलतान बेगमने, ती अकबराची विधवा, म्हणजे नात्याने विहीणबाईच की. विहिणीने नाव ठेवलं आणि ते चांगल्या अर्थाने, असं इतिहासात फार वेळा झालं नसावं 😄 पण नाव काय, तर 'इत्र-ए-जहांगीरी'. खपली सासू, नाव जावयाचं, आणि ४०० वर्षांनी क्रेडिट लेकीला.

लेकीचा तरी काय दोष म्हणा. नूरजहाँच्या नावावर इतकं काही आहे की त्यात अजून एखादी गोष्ट खपून जाते. पहिला नवरा १६०७ मध्ये बंगालमध्ये मारला गेला, पदरी एक मुलगी, आणि १६११ मध्ये चौतिशीत ती जहांगीरची बेगम झाली. १६१७ मध्ये मांडूला मुक्काम होता तेव्हा हत्तीवर बसून ६ गोळ्यांत ४ वाघ मारले, ज्याने कधी हलत्या रिक्षातून साधा फोटो काढून बघितलाय त्याला कळेल हे काय आहे ते. पुढे तर तिच्या नावाची नाणीच निघाली, त्यावर फारसीत ओळी, की शहा जहांगीरच्या हुकमाने, नूरजहाँ बादशाह बेगमच्या नावामुळे सोन्याला शंभर अलंकार चढले. अत्तराला त्याचं नाव आणि सोन्याला हिचं, फिट्टंफाट! १६२६ मध्ये जहांगीरच्याच एका सरदाराने, महाबतखानाने, झेलमच्या काठी बादशहालाच ताब्यात घेतलं तर ही हत्तीवर बसून नदीत उतरली त्याला सोडवायला. त्या दिवशी जमलं नाही, नंतर डोकं चालवून सुटका केली.

शेवटी पुन्हा जावईच आडवे आले. जहांगीर १६२७ मध्ये गेला, हिला आपला जावई शहरयार, म्हणजे जहांगीरचाच धाकटा मुलगा, गादीवर हवा होता आणि सख्ख्या भावाला, आसफखानाला, त्याचा जावई. भावाचा जावई म्हणजे शहाजहान. म्हणजे कोण जिंकलं ते सांगायलाच नको. नूरजहाँ मग लाहोरला राहिली, १६४५ पर्यंत, १८ वर्षं. तिथेच शाहदऱ्याला तिची कबर आहे.

मला मात्र आग्र्याची दुसरी एक कबर आठवत राहते. नूरजहाँने बांधून घेतलेली, यमुनेच्या पलीकडे, पांढऱ्या संगमरवराची, रंगीत दगड बसवून भिंतींवर सुरया, पेले, फळं, सुरूची झाडं आणि हो, लांब मानेच्या गुलाबदाण्यासुद्धा. रिक्षावाला तिला 'बेबी ताज' म्हणाला होता. पाटीवर तिच्या वडलांचा किताब, इतमाद-उद-दौला. आत पिवळसर दगडाच्या दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत, आणि त्यातली दुसरी अस्मत बेगमची, हे मला आत उभी राहून गाईडला विचारल्यावर कळलं.