झॉम्बी सिक्वेलचा नकाशा, अपडेट ४: इटलीचा गुंता दादरला सुटला

मंडळी, सुटलं एकदाचं! झॉम्बी सिनेमांत कोण कुणाचा सिक्वेल, हे मी फोमबोर्डवर टाचण्या आणि लोकरीच्या दोऱ्यांनी वंशावळीसारखं मांडतेय. मागच्या वेळी मी तो बोर्ड गच्चीवरून खाली फेकायच्या बेतात होते, कारण अर्थातच इटली.

आधी रुसोची फांदी उरकते, म्हणजे दिग्दर्शक रोमेरोबरोबर ६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' लिहिणाऱ्याची. शनिवारी पाचही 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' बघून झाले, १९८५ ते २००५. 'लिव्हिंग डेड' हे नाव रुसोकडे गेलं म्हणून निळा दोरा, पण ८५च्या सिनेमातली पात्रं ६८च्या 'नाइट'बद्दल सिनेमा म्हणूनच बोलतात, मग सलग दोरा कसा लावणार, धावदोरा घातला. आणि पहिल्या भागात संपलेले जेम्स कॅरन नि टॉम मॅथ्यूज दुसऱ्यात परत, वेगळ्याच पात्रांत! एवढ्या बेशरमपणावर मी दोन कप चहा प्यायले.

आता तो गुंता. रोमेरोचा ७८चा 'डॉन ऑफ द डेड' (पुढे नुसता 'डॉन') इटलीत तिथल्या आर्जेंटो या दिग्दर्शकाच्या एडिटमध्ये 'झॉम्बी' नावाने लागला, लगेच ७९ला इटालियन दिग्दर्शक फुल्चीचा 'झॉम्बी २' हजर. कथेचा काडीचा संबंध नाही, कॅरिबियन बेट, वूडू, पाण्याखाली झॉम्बी विरुद्ध शार्क (तो सीन मी परत तीनदा बघितला, सॉरी नॉट सॉरी). म्हणजे सिक्वेल फक्त पोस्टरवर. अमेरिकेत तोच नुसता 'झॉम्बी', आकडाच नाही, ब्रिटनमध्ये 'झॉम्बी फ्लेश ईटर्स', त्यामुळे ८८चा 'झॉम्बी ३' तिकडे 'फ्लेश ईटर्स २', आणि फ्रागासोचा 'आफ्टर डेथ' एकीकडे चार तर दुसरीकडे तीन. वंशावळीचं जे फुकट अॅप वापरत होते ते पोराला एकच नाव आणि खरा बाप मागतं, इथे बाप मानलेला आणि नावं तीन. टाचण्या काढून लावून बोर्डची चाळण झाली.

त्यात आर्जेंटो कटची डिस्क. ऑनलाइन विक्रेत्याने छातीठोक 'इटालियन व्हर्जन' म्हणून पाठवली, लावली तर १२७ मिनिटं, म्हणजे सरळ अमेरिकन थिएट्रिकल, आर्जेंटोचा साधारण ११९चा आहे. वर रीजनही (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल तो कोड) वेगळा. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो आणि माझे चार या असल्या फसवणुकीत गेलेत, पाचवा मी जिवापाड जपतेय. कव्हर वाचून डिस्क घेऊ नका रे, आधी रनटाइम विचारा.

तर काल दादरला जिना उतरत होते, एका काकांनी विचारलं, "सेंट्रलचा एक नंबर कुठं गेला हो?" म्हटलं, "काका, तो आता आठ झाला, डिसेंबर २०२३पासून." बोलले आणि तिथेच थांबले, मागून धक्के, शिव्या, सगळं. प्लॅटफॉर्म तोच, जागा तीच, आकडा बदलला! फुल्चीचं तेच आहे ना!! म्हणजे वंशावळ मुळात चूकच होती, मला लोकलचा नकाशा हवाय. कथा म्हणजे लाइन, सिनेमा म्हणजे स्टेशन, आणि नावातला आकडा म्हणजे नुसता प्लॅटफॉर्म नंबर, देशागणिक वेगळा, स्टेशनाशेजारी छोट्या चौकटीत लिहायचा. 'डॉन' हे जंक्शन, तिथून रोमेरोची लाइन 'डे ऑफ द डेड'कडे (८५) आणि इटलीची बेटाकडे. रात्री दीडपर्यंत नुसतं हेच कागदावर काढलं, आणि पहिल्यांदाच एकही रेघ खोडावी लागली नाही.

लिहिता लिहिता सुचलं, २००४चा 'डॉन'चा रिमेक फास्ट लोकल करते, त्यातले झॉम्बी पळतातच. आणि डॅनी बॉइलच्या '२८ डेज लेटर' मालिकेवाल्यांना मोनोरेल, कारण ते मेलेले नाहीत, इन्फेक्टेड आहेत, यावर मी भांडायला तयार आहे. तिथे डेज (२००२), वीक्स (२००७) आणि थेट इयर्स (२०२५), मधलं 'मंथ्स' स्टेशन बांधलंच नाही, मी रिकामा गोल ठेवणार.

म्हणजे लोकर रद्द, आता रंगीत टेप लागेल, किमान सहा रंग. लोकरीचे नऊ गुंडे उरलेत, कुणाला हवेत तर सांगा. पात्रांच्या कॅमेऱ्यातूनच दिसणाऱ्या 'आरईसी' या स्पॅनिश मालिकेची लाइन पुढच्या वेळी, तिसरा भाग मध्येच हातातला कॅमेरा टाकून देतो, तिथे रूळ बदलायला लागणार असं दिसतंय.