करिअर काउन्सेलर म्हणजे नक्की काय काम असतं

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात घराघरात एकच विषय, आता पुढं काय, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या काकांकडनं नाहीतर क्लासच्या बॅनरवरनं येतं. मी करिअर काउन्सेलर आहे म्हणल्यावर लोक विचारतात, तुमच्याकडं ती टेस्ट असते ना, त्यात पोरगं सायन्सला जावं का कॉमर्सला ते कळतं ना?

टेस्ट असते. अभिक्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकायची अंगची ताकद किती, आवड कशात, आकडे, भाषा, आकृत्या यात डोकं कुठं जास्त चालतं हे त्यातनं दिसतं. आपल्या बोर्डानं पण २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या पोरांची कल चाचणी घेतली होती, आठवत असेल. पण रिपोर्ट हातात देऊन पाठवून दिलं तर तो कपाटात फाईलला लागतो, बास. खरं काम रिपोर्ट आल्यावर सुरू होतं.

मागं एक मुलगी आली होती पूर्व भागातली, आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात जेकार्ड लूमवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर. घरी तेलुगू बोलतात. वडील आल्या आल्या म्हणले, मॅडम, तुम्हीच सांगा हिला काय करायचं, आम्हाला त्यातलं काय कळतंय. मुलगी खाली मान घालून बसलेली, विचारेल त्याला नुसतं हो. रिपोर्टमध्ये आकृत्यांचा भाग एकदम वर होता, म्हणून तिला विचारलं की कुणी काही सांगितलं नाही तर तू वेळ कसा घालवतेस गं? तर तिनं माझाच पेन घेतला, रिपोर्टच्या मागं बारीक चौकोन आखले आणि त्यात मोर भरायला लागली, कुठल्या चौकोनात उभा धागा वर येणार, कुठं खाली जाणार, सगळं तोंडानं सांगत. वडिलांचे नक्षीचे ग्राफ बघून बघून शिकलेली. ते बघतच राहिले, म्हणले, हे कधी शिकलीस गं!

इथून पुढं माहिती लागते, आणि ती पक्की लागते. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केला तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला वाट आहे, म्हणजे आयटीआय म्हणजे संपलं असं जे आपल्याकडं समजतात ते साफ चूक आहे. तिच्या आवडीला जुळणारं टेक्सटाईल इंजिनिअरिंग इचलकरंजीला डीकेटीई कॉलेजमध्ये आहे. वडिलांचा सगळा अडसर फीचा होता, तर २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मेस, हॉस्टेलचा खर्च मात्र वेगळा धरा, हेही मी सांगितलं, कारण अर्धवट आशा दाखवणं मला पटत नाही.

त्यांनी घरी जाऊन ठरवलं, अकरावी सायन्स, गणित ठेवायचं आणि मग सीईटी. मी असते तर कदाचित डिप्लोमाकडं वळले असते, पण आयुष्य तिचं आहे आणि आई-वडिलांना बारावीपर्यंत पोरगी घरात हवी होती, हे कारणसुद्धा मी पूर्ण मानते. आपण सगळे रस्ते नीट दाखवायचे, ठरवायचं त्यांनी. लोकांना वाटतं काउन्सेलरनं ठामपणे अमुक कर म्हणून सांगावं, आणि तसं सांगणारे जास्त चालतात पण.

या कामात यायचं असेल तर मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्राचा पाया असलेला बरा. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने सेंटरवर जाऊन, तीन महिने इंटर्नशिप. डॉक्टर-वकिलासारखं लायसन या कामाला आपल्याकडं लागत नाही, त्यामुळं दोन दिवसाचं वर्कशॉप करून बोर्ड लावणारे पण आहेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो, समोर पोराची पुढची दहा वर्षं असतात हो. कोर्स करताना एक करा, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, एमआयडीसीत, गारमेंटच्या युनिटमध्ये जाऊन तासभर बसा, तिथली माणसं काय करतात, काय कमावतात, कशाला कंटाळतात ते विचारा. पुस्तकातनं हे येत नाही.

आणि पालकांनो, पोरगं अकरावीत गेलं की लगेच दाखल्यांच्या मागं लागा. जात पडताळणीला वेळ लागतो, नॉन क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल हे सगळं आधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.