सिंगापूरला जायचंय? मग आमच्या आईसारखं बघा

सिंगापूरच्या पहिल्याच रात्री दोन वाजता (आपल्याकडचे साडेअकरा) किचनमधून नळाचा आवाज आला म्हणून उठून बघतो तर आई उभी. ताईच्या घरातली जेवढी पातेली, डबे, कुकर, चहाचं भांडंसुद्धा, सगळं भरून ओट्यावर ओळीनं मांडलेलं आणि वर ताटल्या झाकलेल्या. मी म्हटलं अगं आई इथं चोवीस तास पाणी असतं, तर म्हणते, "असू दे की, भरलेलं बरं असतं."

सोलापूरची माणसं हे वाचत असतील तर त्यांना काही समजावून सांगायला नको. आमच्या भागात पाणी चार दिवसांआड, कधी पाचव्या दिवशी, आणि येतं तेव्हा रात्री-अपरात्री. चावीवाला (पाणी सोडणारा) येऊन गेला की गल्लीत फोनाफोनी, मग मोटार लावा, नळी टाका, हौद भरा, पिंपं भरा, पिण्याचं वेगळं गाळून घ्या. आईची चाळीस वर्षं यात गेली आहेत. ती झोपेतसुद्धा नळाकडे कान लावून असते, मग परदेशात पहिल्या रात्री दुसरं काय करणार.

ताई पण उठून आली. तिनं आईला काही बोललं नाही, एक ग्लास घेतला, नळाखाली धरला आणि सरळ पिऊन टाकला. आईनं विचारलं, उकळलेलं नाही? ताई म्हणाली नाही, इथं सगळे असंच पितात. मग आईनं पण घोटभर घेतलं, तोंडात थोडं फिरवलं आणि म्हणाली, "गोड आहे गं. येतं कुठनं हे?"

ताई-दाजींनी आमच्यासाठी छान प्लॅन करून ठेवला होता, पहिल्या दिवशी सेन्टोसा (करमणुकीचं बेट), दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओ वगैरे. पण सकाळी चहाला आईनं दाजींना परत तोच प्रश्न विचारला आणि दाजी म्हणाले मग आधी तेच बघायला जाऊ. तिथनं आमची सगळी ट्रिपच फिरली. आता परत आल्यापासून सारखे मेसेज येतायत की सिंगापूरला काय काय बघायचं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

तर पहिल्या नंबरला मरीना बॅरेज. हे बऱ्याच टूरवाल्यांच्या यादीत नसतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सिंगापूर कळायला याच्यासारखी दुसरी जागा नाही आणि तिकीटपण नाही. बॅरेज म्हणजे बंधाराच. सोलापूरला पाणी देणारा औज बंधारा भरला का, किती पुरेल, हे आपण पेपरात वाचत असतोच ना, तसलाच पण समुद्राच्या तोंडावर बांधलेला. ३५० मीटर रुंदीची खाडी होती, ती अडवली आणि २००८ मध्ये बॅरेज सुरू झालं, मग आतलं खारं पाणी पावसानं हळूहळू गोडं होत गेलं. त्याच्यावरनं चालत जाता येतं. आम्ही मधोमध जाऊन उभे राहिलो, उजवीकडे समुद्र, लांबवर जहाजं नांगर टाकून उभी, आणि डावीकडे संथ गोडं पाणी. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी वेगळी दिसते, नुसत्या डोळ्यानं. आई कठड्याला धरून कितीतरी वेळ नुसती इकडनं तिकडं बघत होती.

दाजींनी तिला नीट समजावलं आणि मी पण तेव्हाच ऐकलं. बंधाऱ्याला स्टीलचे ९ दरवाजे आहेत. जोराचा पाऊस आला आणि समुद्राला ओहोटी असली की दरवाजे खाली करायचे (म्हणजे उघडायचे), जादा पाणी आपोआप समुद्रात जातं. पण पाऊस आणि भरती एकदम आली तर दरवाजे उघडून चालत नाही, समुद्रच आत येईल, म्हणून तेव्हा दरवाजे बंद ठेवायचे आणि ७ मोठमोठे पंप लावून पाणी बाहेर फेकायचं. पूर्वी चायनाटाऊनसारख्या खोलगट भागात पाणी तुंबायचं, त्यालाही याचा उपयोग झाला. म्हणजे पिण्याचं पाणी साठवायचं, पूर अडवायचा आणि वर लोकांना फिरायला जागा. वरच्या गच्चीवर सगळं गवत लावलंय, संध्याकाळी तिथं पोरं पतंग उडवतात, लोक डबा घेऊन येऊन बसतात. आम्हीपण बसलो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती सोलापूरहून, ती खाल्ली.

आता थोडं विषयाला सोडून, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिंगापूर देश म्हणजे ७३५ चौरस किमीच्या आसपास, आपला सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किमी, म्हणजे आपल्या जिल्ह्यात वीस सिंगापूर बसतील. पाऊस तिथं वर्षाला २,४०० मिमीच्या आसपास पडतो, आपल्याकडे पाचशे-साडेपाचशेवर गाडी अडते. मग इतका पाऊस असून अडचण काय, तर साठवायला जागाच नाही, छोटं बेट, पडलं की समुद्रात. १९६३ मध्ये तिथं दुष्काळ पडला तेव्हा जवळजवळ दहा महिने पाणीकपात होती. हे ऐकल्यावर आई एकदम म्हणाली, "म्हणजे यांनी पण पिंपं भरलीत." आता ते चार ठिकाणांहून पाणी घेतात: स्वतःचे तलाव, मलेशियातलं जोहोर (१९६२ चा करार आहे, २०६१ पर्यंतचा), समुद्राचं पाणी गोडं करून, आणि वापरलेलं पाणी परत शुद्ध करून, त्याला ते न्यूवॉटर म्हणतात. आणि पावसाचं म्हणाल तर बेटाच्या दोन तृतीयांश भागावर पडणारं पाणी गोळा होतं. रस्त्याच्या कडेची गटारं एवढी स्वच्छ का ते तिथं कळतं, ते पाणी शेवटी प्यायचंय.

यामुळे पुढचं सगळं बघायची नजरच बदलली. मर्लायन, म्हणजे तो तोंड सिंहाचं आणि अंग माशाचं असलेला पुतळा, ८.६ मीटर उंच आहे आणि तोंडातनं पाण्याची धार सोडतो, त्याच्यासमोर सगळं जग फोटो काढत असतं. आम्हीपण काढले, का नाही काढायचे. पण तो ज्या पाण्यात धार सोडतो ते पाणी म्हणजे बॅरेजनं अडवलेला तलावच, समुद्र नाही, हे तिथं उभ्या असलेल्या कितीजणांना माहिती असेल? संध्याकाळी सातच्या सुमाराला मर्लायनपासून निघून खाडीच्या कडेकडेनं चालत मरीना बे सॅन्ड्सपर्यंत जा (तीन टॉवर आणि वर जहाज ठेवल्यासारखं दिसतं तेच, ५७ मजली), तिथं रात्री पाण्याचा आणि लाइटचा शो असतो, फुकट. वर स्कायपार्कला जायला पैसे लागतात, आम्ही नाही गेलो आणि काही चुकल्यासारखं पण वाटलं नाही.

त्याच्या मागेच गार्डन्स बाय द बे. इथं संध्याकाळीच जा. सुपरट्री म्हणून २५ ते ५० मीटर उंचीचे झाडासारखे टॉवर आहेत, अंगावर खरी झाडं वाढवलेली, त्यांच्याखाली फिरायला पैसे नाहीत आणि रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला गाण्यावर लाइटचा शो असतो (वेळ जायच्या आधी बघून घ्या). जमिनीवर सरळ आडवं पडून बघायचं, सगळे तसंच बघतात, आईपण पडली पिशवी डोक्याखाली घेऊन. तिकिटातलं एकच करायचं असेल तर क्लाउड फॉरेस्ट करा. काचेच्या घुमटात ३५ मीटरचा धबधबा आणि आत चक्क थंडी वाजते. शाल न्या.

आता माझं स्वतःचं आवडतं सांगतो. बिशान पार्क. ताई तोआ पायोहला राहते, तिथनं जवळच. कलांग नदी तिथं आधी सिमेंटच्या सरळ कालव्यातनं वाहायची, त्यांनी तो कालवा फोडला आणि नदीला परत वळणं दिली, दगड, गवत, झाडं लावली, २०१२ पासून ती अशी वाहतेय. तिथं सूर्य सात-सव्वासातला उगवतो म्हणून उजाडता उजाडता गेलो. दहा मिनिटं काहीच नाही, एक म्हातारे चिनी आजोबा संथ हात हलवत व्यायाम करत होते. आणि मग पाण्यात एकदम रेघा उमटल्या, एक डोकं, दोन, पाच. पाणमांजरं! अख्खं कुटुंब. एकानं मासा पकडला, काठावर येऊन दोन्ही हातांत धरून डोक्याकडनं कराकरा खायला लागला, आम्ही सात-आठ फुटांवर उभे, त्याला काही पडलेलीच नाही. मागनं सायकलवाले जातायत, शाळेची पोरं जातायत, चारी बाजूला बिल्डिंगा. शहराच्या मधोमध. आईनं माझा हात घट्ट धरला होता, फोटो काढायलासुद्धा सोडेना. हीच नदी पुढे जाऊन मरीना बॅरेजच्या तलावात मिळते. (पाऊस सुरू झाला तर नदीच्या काठाला थांबू नका, पाणी फार पटकन चढतं, सूचना लावलेल्या आहेत.)

खायचं. लिटल इंडिया स्टेशनला उतरलं की टेक्का सेंटर, खाली भाजी बाजार. आईनं कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, सगळ्याचे भाव विचारले आणि मनातल्या मनात रुपये करून प्रत्येक वेळी "अगं बाई" म्हणाली. सेरांगून रोडला कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, शाकाहारी लोकांनी डोळे झाकून जावं. फुलांचे गजरे, देवळातला घंटेचा आवाज, रस्त्यावर तमिळ, मधूनच तेलुगू ऐकू येतं, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत वाढलेलो असल्यानं तेलुगू कानावर पडलं की घरचं वाटतं. आई एका बाईशी मोडक्या तेलुगूत चक्क दहा मिनिटं बोलली.

पण नुसतं इडली-डोसा खाऊन परत येऊ नका, हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याचे गाळे एका छपराखाली असतात तिथं, बसाच. पूर्वी हे सगळे गाडेवाले रस्त्यावर असायचे, खरकटं आणि सांडपाणी गटारात आणि तिथनं नदीत. त्यांना हटवून मोकळं न करता छपराखाली गाळे दिले, नळ दिला, गटार दिलं. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं सिंगापूर नदी साफ करायचं काम चाललं त्यातही ही एक मोठी गोष्ट होती. आणि २०२० मध्ये त्याच हॉकर संस्कृतीला युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिला. सकाळी काया टोस्ट (नारळ-अंड्याचा जॅम, अंडं चालत नसेल तर नको) आणि कोपी (तिथली कॉफी), रात्री रोटी प्राटा (पराठाच). प्राटा आम्ही शेंगाचटणीसोबत खाल्ला, फार भारी लागतो. चिनी शाकाहारी स्टॉलही असतात, पण मासळीचा सॉस नाही ना हे विचारून घ्या. टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे, तिथं बसू नका. आणि जेवल्यावर ट्रे आपला आपण परत ठेवायचा, तो नियमच आहे.

एक अख्खा दिवस मोकळा असेल तर पुलाऊ उबिन. चांगी पॉइंटवरनं लाकडी बोट सुटते, टाइमटेबल नाही, १२ माणसं भरली की निघाली. आपलं वडापच (माणसं भरली की सुटणारी जीप)! पंधरा मिनिटांत तुम्ही जुन्या सिंगापूरमध्ये, पत्र्याची घरं, नारळ, भाड्यानं सायकली. दगडाच्या जुन्या खाणी आता पाण्यानं भरल्यात, त्यांच्या काठाला उभं राहिलं की एक गाडी ऐकू येत नाही. मी सायकल घेतली, आई जेट्टीजवळ शहाळं पीत बसली आणि खूश होती.

बोटॅनिक गार्डन सकाळचं छान आहे, १८५९ चं, फुकट, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. सेन्टोसा लहान पोरं असतील तर करा, आमचं शेवटी अर्ध्या दिवसात आटपलं. नाइट सफारीचं लोक चांगलं सांगतात.

फिरायला एमआरटी (तिथली मेट्रो) पुरेशी आहे. पण आत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आहे. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर हे आधीच सांगून ठेवा, औषधाची गोळी प्लॅटफॉर्मला जायच्या आधीच द्या. छत्री रोज सोबत. आणि बाटली रिकामी घेऊन निघायचं, नळ दिसेल तिथं भरायची, आम्ही पाच दिवसांत पाण्याची एक बाटली विकत घेतली नाही.

परतीच्या दिवशी एअरपोर्टला तीन तास आधी जा, ज्युएलमधला (एअरपोर्टलाच लागून असलेला मॉल) रेन व्होर्टेक्स बघायला. छताच्या गोल भोकातनं ४० मीटर खाली पाणी कोसळतं, भोवती जंगल. ते पावसाचंच पाणी गोळा करून फिरवतात असं ताईनं सांगितल्यावर आई म्हणाली, "आपल्या सिद्धेश्वरांनी पण आधी तळंच खोदलं की." बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळं खोदून घेतलं हे मी लहानपणापासून ऐकतोय, गड्ड्याला (सिद्धेश्वरांच्या यात्रेला) दरवर्षी त्या तळ्याच्या काठानं चालतोय, पण ते पाण्याचं काम होतं असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मुंबईत उतरून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी घरी पोचलो. दुसऱ्या रात्री साडेतीनला पाणी आलं. मी मोटार लावली, आई अंगणात पिंपावर नळी धरून उभी, आणि कंपाउंडच्या पलीकडे शेजारच्या काकू त्यांच्या पिंपावर नळी धरून. मोटारीच्या आवाजात आई मोठ्यानं सांगत होती, "अहो नऊ दरवाजे आहेत, नऊ, आणि समुद्र इकडं नि गोडं पाणी तिकडं..." काकूंचं पिंप भरून वाहायला लागलं तरी त्या ऐकतच होत्या.