लाल पट्टी कुठल्या बाजूला?

घरातला कॉम्प्युटर बदलला की जुन्याचा डबा भंगारात जातो, पण हार्ड डिस्क मात्र कुणी टाकत नाही. ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, बंद पडलेल्या मिक्सरच्या शेजारी जाऊन बसते. आत काय आहे हे कुणालाच नीट आठवत नसतं. ‘फोटो असतील’ एवढ्या भांडवलावर ती दोन घरंसुद्धा बदलते.

आमच्या डिस्कमध्ये मात्र बाबांचे लेख होते, सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी लिहिलेले. “तुझ्या नव्या मशीनला ती लागते का बघ,” असं ते अधूनमधून म्हणायचे. सूर बल्ब बदलायला सांगितल्यासारखा.

नव्या मशीनच्या मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटवर, तिला जागाच नसते. २००३ च्या सुमारास डिस्क जोडायची साटा ही नवी पद्धत आली, त्याची सात पिनांची चिंचोळी केबल आली आणि आयडीई या जुन्या पद्धतीच्या रुंद पट्ट्याच्या केबलचं सॉकेट पुढे हळूहळू गायब झालं. मग यूएसबीचं अ‍ॅडॉप्टर आणायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, ऑनलाइनही मिळतं. जुन्या डिस्कच्या पाठीवर ४० पिनांची जागा असते. त्यातली विसावी पीन मुद्दामच गाळलेली, कनेक्टर उलटा बसू नये म्हणून. पण सगळ्याच जुन्या केबलींत त्या पिनेसमोरचं भोक बुजवलेलं नसे. त्यामुळे केबलच्या कडेची लाल पट्टी बघायची. ती पहिल्या पिनेची खूण. बहुतेक डिस्कवर ती पॉवरच्या खोबणीकडे येते.

या पिना आणि पॉवरची खोबण यांच्या मध्ये जंपर. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, काळं किंवा पांढरं प्लॅस्टिक. ते कुठल्या दोन पिनांवर आहे त्यावरून एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी ही मास्टर (पहिली) की स्लेव्ह (दुसरी) ते ठरायचं. तक्ता डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो, फक्त तो वाचायला चष्म्यावर भिंग लागतं. अ‍ॅडॉप्टरला जोडताना साधारणपणे मास्टरवर ठेवायचं. जंपर खाली पडला तर त्याच्याच रंगाच्या फरशीवर पडतो, हा माझा सिद्धान्त आहे.

खरी अडचण करंटची. यूएसबीतून पाच व्होल्ट मिळतात आणि साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला बारा लागतात. म्हणून अशा अ‍ॅडॉप्टरसोबत विजेची वेगळी वीट येते आणि तिला चार तारांचा मोलेक्स प्लग असतो: पिवळी बाराची, लाल पाचची, मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क पाचावर भागवते, स्वभावानेच काटकसरी.

बटण दाबल्यावर कान द्यावा. हळूहळू चढत जाणारी घरघर आली आणि स्थिरावली तर उत्तम. ठरावीक तालात टक्-टक् येऊ लागली तर आतलं हेड, म्हणजे डिस्क वाचणारं टोक, जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. ताबडतोब बंद करावं. ‘एकदा अजून बघू’ म्हणणाऱ्यांनी बऱ्याच डिस्क मारल्या आहेत. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारेही भेटतात. बाहेर काढल्यावर आत दव धरलं तर काय, हे ते सांगत नाहीत. आणि विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ असं कितीही अदबीने विचारलं तरी उत्तर नाही हेच.

आमची घरघरली. ८० जीबीची डिस्क ७४.५ ची दिसली, कारण डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. बाबांना मात्र कुणीतरी साडेपाच जीबी खाल्ले असाच संशय. पुढे त्यांचंच फोल्डर उघडताना परवानगी नाकारली गेली. मालकाच्या रकान्यात नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा. जुनी विंडोज त्यांना त्या आकड्याने ओळखायची, नवीला तो कुणाचा ते ठाऊक नाही. मालकी माझ्या नावावर करून घेतली. सातबाऱ्यापेक्षा फार लवकर झालं.

फाइल उघडली तर आत इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा सडा. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधी प्रत्येक फॉन्टचा सवतासुभा होता, इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापली मराठी चित्रं बसवलेली. तो फॉन्ट नसेल तर मजकूर शाबूत असून वाचता येत नाही. मग जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर शोधला. त्यात पहिली वेलांटी हमखास घसरते: जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराआधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचंही असंच स्थलांतर.

प्रिंट काढून दिली. बाबा लाल पेन घेऊन बसले आणि वेलांट्या जागेवर आणू लागले. “मशीनला शुद्धलेखन कुठून येणार,” असं म्हणत त्यांनी ‘आर्शिवाद’चा ‘आशीर्वाद’ केला. तो कन्व्हर्टरचा नव्हता, पण मी काही बोललो नाही. दुसऱ्या पानावर त्यांनी एक अख्खा परिच्छेदच खोडला आणि समासात नवा लिहायला घेतला.