हिरडा, काजळी आणि डिंक: घरची शाई

घरी शाई करायची म्हटलं की पहिला प्रश्न सामानाचा, पण आपल्या बेळगाव-खानापूर भागात ते अवघड नाही बघा, हिरडा, बाभळीचा डिंक, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, सगळं काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं, दुकानदार कन्नड असला तर हिरड्याला अळलेकाय म्हणा.

सोपी म्हणजे काजळीची. तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा, वर पितळी ताटली पालथी धरायची, जमलेली काजळी पिसानं अलगद झाडून घ्यायची. खरी मेहनत पुढंच आहे, काजळी नुसत्या पाण्यात टाकली की तरंगतच बसते, म्हणून रात्रभर भिजवलेल्या डिंकाच्या घट्ट पाण्यात थोडी थोडी घालून खलात घोटायची, हात भरून येईपर्यंत घोटायची, मग पाणी. डिंक कमी पडला तर वाळलेल्या अक्षरावर बोट फिरवलं की काळं हाताला लागतं, जास्त झाला तर बोरूच्या लेखणीतनं उतरतच नाही.

हिरड्याची वेगळी. ठेचलेला हिरडा उकळून गाळायचा, त्यात हिराकस टाकला की हिरड्यातलं टॅनिन आणि लोह मिळून पिवळट काढा काळा पडत जातो. लिहिताना फिकी, हवा लागली की गडद! मला हीच जास्त आवडते. पण हिराकस जास्त झाला तर ही शाई हळूहळू कागद खाते, त्यामुळं जपून ठेवायचं काही लिहिणार असाल तर काजळीचीच घ्या, तिचा रंग उन्हानंही उडत नाही. फाउंटन पेनात मात्र दोन्ही भरू नका, जाम होतं, बोरू नाहीतर निबाचा टाक घ्या.