डोळे मिटले की तोल जायचा

केस धुताना डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून डोळे मिटले आणि मी बाथरूमच्या भिंतीवर जाऊन आदळले. पाय घसरला नव्हता, चक्करही आली नव्हती. उभ्या उभ्याच कलंडले. खांदा आठ दिवस काळानिळा होता.

त्याआधी दाराच्या चौकटीला खांदा लागणं, ओट्याच्या कोपऱ्यावर कंबर आपटणं हे रोजचंच झालं होतं. सासूबाई म्हणायच्या, "अवं, चालताना लक्ष कुठं राह्यते तुयं?" मलाही वाटायचं, आपलंच लक्ष नसतं.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते, शाळेत मराठी शिकवते, वय 46. फायब्रोमायल्जिया हे नाव कानावर पडायला मला जवळपास चार वर्षं लागली. अंगभर ठणका, रात्रभर झोपूनही सकाळी न झोपल्यासारखं वाटणं, शिकवता शिकवता साधा शब्द न आठवणं. धंतोली, रामदासपेठेतले सगळे दवाखाने पालथे घातले. सूज आणि संधिवात शोधणाऱ्या रक्ततपासण्या (ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर), थायरॉईड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एके ठिकाणी "तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा" म्हणून फाईल परत दिली. त्या दिवशी मी ऑटोत घरापर्यंत रडत आले.

निदान केलं ते एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरबाईंनी. शरीरावरच्या 19 जागांची यादी समोर ठेवून गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं ते विचारलं, थकवा, झोप, विसरणं यांना गुण दिले, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय ना, ते पाहिलं. रक्तात काही सापडत नाही, कारण वेदनेचे संदेश मेंदू आणि मज्जारज्जूतच वाढवून घेतले जातात, असं त्यांनी समजावलं. दुखणं खरं आहे, हे डॉक्टरच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

पण तोलाबद्दल मी त्यांनाही काही बोलले नाही. तो आजाराचा भाग असेल हे डोक्यातच आलं नाही. दरम्यान एकेक गोष्ट सुटत गेली. आधी अ‍ॅक्टिव्हा. मानेवाडा चौकात सिग्नलला पाय टेकवताना गाडी कलली, मागच्या माणसाने धरली म्हणून वाचले; घरी येऊन किल्ली मुलीच्या हातात दिली. मग स्टुलावर चढून कुलरमध्ये बादली ओतणं बंद. नागपूरच्या मे महिन्यात कुलर दिवसातून दोनदा भरावा लागतो, त्यात भोवतालची फरशी ओली. फळ्यावर लिहिता लिहिता मान वळवून मुलांकडे पाहिलं की हात आपोआप फळ्याच्या कडेवर जायचा. सलवार पलंगावर बसूनच घालायची. घरातल्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही, कारण मी ते कुणाला दिसू दिलं नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी एक प्रश्नावली भरायला दिली. एकवीस प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 10 गुण. केस विंचरणं, जिना चढणं, चादर बदलणं, झाडणं-पुसणं, सामानाची पिशवी उचलणं गेल्या आठवड्यात किती जड गेलं? पुढे झोप, वेदना, स्मरण. आणि त्यातच एक प्रश्न: तोल सांभाळायला किती त्रास होतो? मी पेन धरून बसून राहिले. मग 8 लिहिलं. डॉक्टर त्याच आकड्यावर थांबल्या. "हे आधी का नाही सांगितलंत?" फायब्रोमायल्जिया असलेल्या बायकांमध्ये तोल कमी असणं, पडण्याचं प्रमाण जास्त असणं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय, असं त्या म्हणाल्या. माझे चार-पाच वर्षांचे सगळे काळेनिळे डाग त्या एका वाक्यात आले.

मग दुसरी कारणं तपासली. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, तोल कानामुळे जातो का ते पाहायला. झोपून आणि उभं राहून रक्तदाब. बी-12, कारण आमचं घर शाकाहारी. बी-12 कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. दुखण्यासाठी चालू असलेल्या प्रीगॅबॅलिन या गोळीनेही गरगरतं, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी रात्रीवर नेली आणि डोस कमी केला. ती स्वतःहून एकदम बंद करायची नाही, हे बजावून सांगितलं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या लेकीएवढीच असेल. तिने 14 कृतींची, 56 गुणांची चाचणी घेतली. खुर्चीतून हात न टेकता उठणं, खाली पडलेली चप्पल उचलणं, मागे वळून पाहणं, जागच्या जागी पूर्ण गिरकी घेणं. 47 गुण मिळाले. खरी गोची शेवटी झाली. एका पायावर उभं राहायचं होतं, उजव्यावर सहा सेकंद टिकले, डाव्यावर तीन. डोळे मिटून पाय जुळवले तर तिने लगेच दोन्ही हात माझ्याभोवती धरले. "काकू, तोल तीन ठिकाणांहून येतो. डोळे, आतला कान, आणि पायाचे तळवे-सांधे. तुमचे पाय नीट खबर देत नाहीत, म्हणून तुम्ही सगळा भार डोळ्यांवर टाकलाय." बाथरूमचं कोडं तिथे उलगडलं.

व्यायाम ओट्याशी. दूध तापेपर्यंत ओटा धरून टाचा उचलायच्या, मग एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहायचं, मग पूर्ण हाताऐवजी दोन बोटं. डोळे मिटायचे ते घरात कुणी शेजारी असेल तरच. पहिल्या आठवड्यात उत्साहाने दुप्पट केलं आणि तीन दिवस अंथरुणात पडले. त्यावर ती म्हणाली, दुखलं तर निम्मं करा, पण सोडू नका. हे एकच वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं. बाथरूममध्ये आता पकडायला दांडी आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल आहे. आमचे हे कुलर पाइपने भरतात. सासूबाई 74 वर्षांच्या, त्याही आता माझ्या शेजारी ओटा धरून टाचा उचलतात, आणि लक्षाबद्दल काही बोलत नाहीत.

ठणका अजून आहे. पावसाळी हवेत तर जास्तच. पण आता डाव्या पायावर अकरा सेकंद होतात आणि सलवार उभ्याने घालते, कपाटाला पाठ टेकून. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीच्या भेटीसाठी वहीत एकच प्रश्न लिहून ठेवलाय: गाडी घेऊन गल्लीत एक फेरी मारून पाहू का?