कर तुला काय करायचं ते

परवा दुपारी ऑफिसच्या पॅन्ट्रीत दारातच चहाचे कप घेऊन आमच्या गप्पा चाललेल्या, तेवढ्यात आते आली (आते म्हणजे फिलिपिनो ताई, अख्खं ऑफिस तिला तेच म्हणतं, दुबईत हे आपोआप होतं), जराशी वाकली, एक हात पुढे धरला आणि 'माकिकिराआन पो' म्हणत आमच्या मधून गेली. जरा जाऊ द्या हं. अडवणार कोण होतं तिला? पण विचारायचं.

आमची आजी दिवेलागणीनंतर कढीपत्ता तोडू द्यायची नाही, झाड झोपलंय म्हणून. अगदीच अडलं तर आधी खोडावर हात फिरवायची, 'दे गं बाय दोन पानं', मग थोडं थांबायची. झाड काय बोलायचं देव जाणे, पण ती ऐकायची खरी.

आतेला हे सांगितलं तर ती हसली पण नाही. त्यांच्याकडे रानात वारुळापाशी किंवा बालेतेच्या (आपल्या वडासारख्या) झाडाखालून जाताना 'ताबी-ताबी पो', जरा वाट द्या हं, असं म्हणतात, आडोशाला लघवीला जायचं तर हमखास, कारण वारुळात नूनो असतो, म्हातारा, बुटका, आणि तो चिडला की पाय सुजलाच म्हणून समजा. म्हटलं अगं मी कोकणातला, राखणदाराचं मला काय सांगतेस!

बाकी परवानगीला त्यांच्या भाषेत सरकारी कागदावर 'पाहिन्तूलोत', आणि 'परमिसो', 'लिसेन्स्या' हे स्पॅनिश, ते लोक 1898 पर्यंत तिथे होतेच की ठाण मांडून. मला आवडलं ते 'पाआलाम', म्हणजे निरोप, आणि त्यातूनच 'मागपाआलाम', म्हणजे विचारून जाणं. इंग्रजीतलं लीव्ह पण असंच दुहेरी, आणि आपण तरी रजा घेतो म्हणतोच. फक्त रोज घरी निघताना पाआलाम कुणी म्हणत नाही, फार कायमचं वाटतं ते, त्यापेक्षा 'माउना ना आको', मी होते पुढे.

आणि मग 'बाहाला का'. बघ बाई तुझं तू. ईदच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर जॉर्जियाला जाऊ का, असं आतेने आईला फोनवर विचारलं तर आई एवढंच म्हणाली. मी म्हटलं झालं की मग, काढ तिकीट. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला आमच्या मातोश्रींचं 'कर तुला काय करायचं ते' लख्ख ऐकू आलं.

तिकीट काढलं नाहीये. आतेचं वय बावन्न आहे.